मुतखडा, संत्रं आणि पोटॅशियम सायट्रेट

केमिकल इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली की नातेवाइकांच्या नजरेत आपण अर्धे डॉक्टर आणि अर्धे कृषी केंद्रवाले होऊन जातो. कपाशीवर कोणतं औषध मारू इथपासून ते ही गोळी जेवणाआधी घेऊ की नंतर इथपर्यंत सगळे प्रश्न आपल्याकडे येतात. माझंही तसंच झालं. गेल्या उन्हाळ्यात गुरुकुंज मोझरीजवळच्या मामाच्या गावी गेलो होतो. मे महिना, पारा ४५ च्या आसपास, कूलरमध्ये पाणी टाकून टाकून हात दुखलेले. मामाला आठ दिवसांपूर्वीच मुतखड्याची कळ आली होती. रात्री दोन वाजता कुणाची तरी गाडी काढून त्याला अमरावतीला नेलं, सोनोग्राफी झाली, डाव्या बाजूला सहा मिलिमीटरचा खडा निघाला. डॉक्टरांनी दुखणं थांबवायच्या गोळ्या, भरपूर पाणी आणि एक सिरप लिहून दिलं.

मामाने ती बाटली माझ्यासमोर धरली. "अबे भाशा, तू केमिकलवाला ना? मंग सांग, याच्यात काय भरेल हाय?"

लेबल वाचलं. दर ५ मिलिलिटरमध्ये पोटॅशियम सायट्रेट ११०० मिलिग्रॅम आणि सायट्रिक ॲसिड ३३४ मिलिग्रॅम. मी ऐटीत सांगितलं की हा लिंबातल्या आम्लाचा क्षार आहे. मामा उठूनच बसला. "लिंबाचं? मंग पैसे कायले देले राज्या, आंगनात लिंबाचं झाड हाय ना!"

या प्रश्नाचं उत्तर तेव्हा मला देता आलं नाही. सुटी संपल्यावर लायब्ररीत बसून जे जमवलं, ते इथे मांडतो आहे.

पदार्थाची ओळख

सायट्रिक आम्लाच्या रेणूत तीन कार्बोक्सिल गट असतात, म्हणजे हे आम्ल तीन प्रोटॉन सोडू शकतं. त्यांचे पीकेए साधारण ३.१, ४.८ आणि ६.४ आहेत. तिन्ही प्रोटॉनच्या जागी पोटॅशियम आलं की झालं ट्रायपोटॅशियम सायट्रेट. पांढरे, वास नसलेले स्फटिक, चव खारट आणि जिभेला किंचित थंड लागणारी. पाण्यात हे इतकं विरघळतं की एक ग्रॅमला एक मिलिलिटर पाणीसुद्धा पुरतं. द्रावण सौम्य अल्कधर्मी असतं. आणि हवेतली ओल ओढून घेण्याची याला भारी हौस! प्रॅक्टिकलसाठी कागदाच्या पुडीत आणलेलं चार चमचे पावडर मी जुलै महिन्यात टेबलावर उघडं ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी पुडीचा आणि पावडरचा मिळून लगदा झाला. लॅब असिस्टंट काकांनी जे सुनावलं ते इथे छापण्यासारखं नाही.

बनवायची रीत सोपी आहे. सायट्रिक आम्लाच्या द्रावणात पोटॅशियम बायकार्बोनेट किंवा कार्बोनेट टाकत जायचं, फसफसून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, मग गाळायचं, आटवायचं आणि स्फटिक काढायचे. १९२ ग्रॅम आम्लाला ३०० ग्रॅम बायकार्बोनेट लागतं आणि ३०६ ग्रॅम निर्जल क्षार मिळतो. बाजारात मिळतो तो बहुधा मोनोहायड्रेट, रेणुभार ३२४.४.

आम्ल मात्र आता लिंबातून काढत नाहीत. शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून ते पहिल्यांदा स्फटिकरूपात वेगळं केलं. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं इटलीच्या लिंबांवर जगाचा हा धंदा चालला. १९१७ मध्ये जेम्स करी याने दाखवलं की ॲस्परजिलस नायगर ही काळी बुरशी साखरेच्या द्रावणात भरपूर सायट्रिक आम्ल तयार करते, आणि १९१९ पासून अमेरिकेत त्यावर कारखाना सुरू झाला. आज जगातलं जवळजवळ सगळं सायट्रिक आम्ल या बुरशीकडूनच येतं. कांद्यावर काळी भुकटी धरते ना, ती याच बुरशीच्या गोतातली.

आता एक आपल्याकडची गोष्ट. गुरुकुंजात आयुर्वेद महाविद्यालय आहे, त्यामुळे या भागात काढा, क्षार, गोखरू हे शब्द म्हाताऱ्या माणसांच्या रोजच्या बोलण्यात असतात. आपण ज्याला सराटा म्हणतो तोच गोखरू. मुतखड्याला संस्कृतात अश्मरी म्हणतात आणि सुश्रुतसंहितेत तिच्यावर स्वतंत्र प्रकरणं आहेत. या आजारात वापरला जाणारा एक क्षार म्हणजे यवक्षार. जवाचं रोप जाळायचं, राख पाण्यात कालवायची, गाळायची आणि ते पाणी आटवायचं. हाती येतं ते मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट. आता या यवक्षारात कुणी लिंबू पिळलं तर काय तयार होईल? वरची कृती पुन्हा वाचा. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये रिव्हिएर नावाच्या वैद्याचं एक फसफसणारं औषध प्रसिद्ध होतं, त्यातही वनस्पतीच्या राखेचा क्षार आणि लिंबाचा रसच होता. दोन्हीकडच्या मंडळींना पोटॅशियम हा शब्दसुद्धा माहीत नव्हता.

मामाच्या प्रश्नाचं उत्तर

आधी सरळ हिशोब करू. लिंबाच्या रसात सायट्रिक आम्ल साधारण पाच टक्क्यांच्या आसपास असतं. एका कागदी लिंबातून १५ मिलिलिटर रस निघाला तर त्यात सुमारे ०.७ ग्रॅम आम्ल आलं, म्हणजे ३.६ मिलिमोल. पोटॅशियम सायट्रेटची १० मिलिइक्विव्हॅलंटची गोळी १०८० मिलिग्रॅमची असते, म्हणजे ३.३ मिलिमोल सायट्रेट. म्हणजे एक लिंबू बरोबर एक गोळी! मामा जिंकला की!

पण थांबा. सायट्रेटच्या सोबतीला कोण आलं आहे ते पाहा. लिंबात सायट्रेटबरोबर बहुतांश हायड्रोजन आहे, गोळीत पोटॅशियम. आपण प्यालेलं सायट्रेट तसंच्या तसं मूत्रपिंडात जात नाही. त्यातलं बहुतेक शरीरात जळतं. बारावीच्या बायोलॉजीत पाठ केलेलं क्रेब्ज चक्र आठवतं का? १९३७ मध्ये हॅन्स क्रेब्ज याने ते मांडलं, १९५३ मध्ये त्याला नोबेल मिळालं, आणि त्याचं दुसरं नाव सायट्रिक आम्ल चक्र आहे. तर, सायट्रिक आम्ल जळालं की उरतं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड, हिशोब शून्य. पोटॅशियम सायट्रेट जळालं की मात्र प्रत्येक रेणूमागे तीन बायकार्बोनेट मागे राहतात. रक्त किंचित अल्कधर्मी बाजूला सरकतं. ते पाहून मूत्रपिंड ठरवतं की आता सायट्रेट परत शोषून घ्यायची घाई नाही, आणि ते लघवीत सोडून देतं. म्हणजे लघवीत वाढलेलं सायट्रेट बरंचसं शरीराचं स्वतःचंच असतं, गोळी फक्त नळ उघडते. मला स्वतःला हा सगळ्या विषयातला सर्वात भारी भाग वाटला.

लघवीत पोचल्यावर सायट्रेट दोन कामं करतं. पहिलं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि कॅल्शियम ऑक्झलेट पाण्यात लिटरमागे अवघं सहा-सात मिलिग्रॅम विरघळतं. कॅल्शियम सायट्रेटच्या कणांतच गुंतलं तर ऑक्झलेटच्या वाट्याला कमी येतं. शिवाय तयार झालेल्या बारीक स्फटिकांच्या पृष्ठभागावर सायट्रेट चिकटतं आणि त्यांना वाढू देत नाही, एकमेकांना चिकटू देत नाही. फर्स्ट इयरला आपण ईडीटीएने पाण्याचा कठीणपणा मोजतो, त्याच जातीचा हा प्रकार आहे, फक्त पकड फार सैल. ईडीटीए-कॅल्शियमचा स्थिरांक लॉगमध्ये १०.७, सायट्रेटचा साडेतीनच्या आसपास. म्हणजे सुमारे कोटी पटींचा फरक. तरीही काम भागतं. मामाच्या बोअरचं पाणी एका बाटलीत घेऊन साबणाचा चुरा टाकून हलवलं तर नुसता पांढरा साका येतो. त्यात या पावडरचा चमचा टाकून पुन्हा हलवलं की फेस यायला लागतो. घरी करून पाहण्यासारखं आहे.

दुसरं काम पीएचचं. युरिक आम्लाचे खडे असतील तर हे काम पहिल्यापेक्षा महत्त्वाचं. त्याचा पीकेए साधारण ५.५. लघवीचा पीएच ५.५ असेल तर निम्मं युरिक आम्ल आयन रूपात असतं. हाच पीएच ६.५ केला की हेंडरसन-हॅसलबाल्कच्या समीकरणाने विद्राव्यता जवळपास साडेपाच पट होते. त्यामुळे युरिक आम्लाचा खडा औषधाने खरोखर विरघळू शकतो. कॅल्शियम ऑक्झलेटचा नाही. "सिरपने खडा विरघळला" असं गावोगाव सांगतात, पण लहान खडा बहुतेक वेळा पाण्याच्या जोराने आपणहून पडलेला असतो. ऑक्झलेटवाल्याला सिरपचा खरा फायदा पुढचा खडा होऊ न देण्यात आहे. स्पेनमधल्या एका अभ्यासात (१९९३) सायट्रेट कमी असलेल्या रुग्णांना हा क्षार तीन वर्षं दिला, तेव्हा नवे खडे होण्याचं प्रमाण माणशी वर्षाला १.२ वरून ०.१ वर आलं. डल्लासच्या चार्ल्स पाक यांच्या संशोधनानंतर १९८५ मध्ये अमेरिकेत या गोळीला मान्यता मिळाली होती.

सोडियम सायट्रेट का नाही? ते तर स्वस्त असतं. कारण जास्तीचं सोडियम लघवीतून बाहेर पडताना कॅल्शियमलाही सोबत घेऊन जातं. ज्याला हाकलायचं त्यालाच बैलगाडीत बसवून आणल्यासारखं.

पीएच वाढवत राहिलं म्हणजे चांगलंच असंही नाही बरं का. सातच्या पुढे गेला तर कॅल्शियम फॉस्फेटचे खडे होऊ शकतात. आणि लघवीत जंतुसंसर्ग होऊन झालेले खडे अल्कधर्मी लघवीतच वाढतात, तिथे हे औषध उलटच पडायचं.

संत्र्याचा पट्टा आणि मे महिना

लिंबू हरलं म्हणून मामा नाराज झाला, पण त्याच्या शेतातलं दुसरं झाड जिंकलं. संत्र्यातल्या सायट्रेटच्या बरोबरीने पोटॅशियम बरंच जास्त असतं. म्हणूनच ते लिंबाइतकं आंबटही नसतं. एका ग्लास रसात साडेतीनशे-चारशे मिलिग्रॅम पोटॅशियम येतं, एका गोळीइतकंच. २००६ मध्ये डल्लासलाच एक लहानसा अभ्यास झाला. संत्र्याचा रस आणि लिंबूपाणी, दोन्हींत सायट्रेट सारखंच ठेवलं. संत्र्याने लघवीचं सायट्रेट आणि पीएच वाढवला, लिंबूपाण्याने नाही. आता वरुड-मोर्शीची माणसं हे वाचून पेट्याच्या पेट्या औषध म्हणून विकायला काढतील, म्हणून सांगतो, रसात साखरही असते आणि शुगरवाल्याला ती चालत नाही. शिवाय आपल्या नशिबाची गंमत बघा. आंबिया बहार हिवाळ्यात निघतो, मृग बहार मार्च-एप्रिलपर्यंत संपतो आणि मुतखड्याची कळ उठते मे महिन्यात.

मे महिन्यात का, ते उघड आहे. पऱ्हाटी उपटून, वखरून, धुऱ्यावर काम करून माणूस दिवसभर घाम गाळतो आणि लघवी दिवसाकाठी अर्धा-पाऊण लिटरवर येते. क्षार तेवढेच, पाणी अर्धं, म्हणजे संहती दुप्पट. संपृक्ततेची रेषा ओलांडली की स्फटिक पडणारच, ते काही आपल्या क्रिस्टलायझरमध्येच होतं असं नाही. इटलीत १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकदा खडा झालेल्या लोकांपैकी एका गटाला दिवसाला दोन लिटरपेक्षा जास्त लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगितलं होतं. पाच वर्षांत त्यांच्यातल्या १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटातल्या २७ टक्क्यांना. पाण्याइतकं स्वस्त औषध दुसरं नाही.

पण पाणी कुठलं? मोझरी-तिवसा हा भाग वर्धेच्या अंगाचा, इथे पाणी कठीण असलं तरी पिता येतं. पश्चिमेला दर्यापूर, भातकुली, तिकडे अकोट, तेल्हारा, बाळापूर, पुढे बुलढाण्यातलं संग्रामपूर, हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा. तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. ज्याला पाणीच खारट लागतं त्याला दिवसाला तीन-चार लिटर पी म्हणणं सोपं आहे. किडनीच्या आजाराने त्या गावांमधली घरंच्या घरं हैराण झाल्याचं आपण वर्षानुवर्षं पेपरात वाचतो. त्याची सगळी कारणं एकट्या पाण्याकडेच बोट दाखवतात असं मी म्हणणार नाही. उन्हातलं काम, दुखण्यावरच्या गोळ्या मनाने घेणं, बीपी-शुगर न तपासणं, सगळंच त्यात येऊ शकतं. एक गैरसमज मात्र इथे काढून टाकायला हवा. खडा कॅल्शियमचा म्हणून दूध-दही बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला पकडतं आणि बाहेर काढतं. ते बंद केलं तर उलट जास्त ऑक्झलेट लघवीत येतं.

बाकीचे उपयोग थोडक्यात. शीतपेयं, जॅम, प्रोसेस्ड चीज यांत आंबटपणा सांभाळायला हा क्षार घालतात. पाकिटावर ई ३३२ असं लिहिलेलं दिसेल. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी: रॅमच्या कडेला जी सोनेरी पट्टी असते, तिच्या गोल्ड प्लेटिंगच्या बाथमध्ये पीएच सांभाळायला सायट्रेट असतं. आणि मेसच्या स्वयंपाकघरासाठी: कढईतल्या उकळत्या तेलाला आग लागली तर पाणी मारायचं नसतं. त्यासाठीच्या वेट केमिकल सिलिंडरमध्ये पोटॅशियमचे ॲसिटेट, कार्बोनेट, सायट्रेट असे क्षार असतात. गरम तेलाशी त्यांची क्रिया होऊन वर साबणाचा थर धरतो, हवा तुटते आणि तेल थंडही होतं. आपल्या होस्टेलच्या मेसमध्ये असा सिलिंडर आहे का, हे मी विचारलं होतं. उत्तर अजून आलेलं नाही.

आबाजीचं झाकण

आता ज्या कारणाने मी हा लेख लिहायला बसलो ते. त्याच सुटीत एका संध्याकाळी आजी प्रार्थनेहून आली आणि मामाच्या बाटलीतलं एक झाकण भरून आबाजीसमोर धरलं. मी विचारलं, हे काय? "तुह्या मामाले फरक पडला ना बापा. यायलेबी लघवीची तकलीफ हाय. किडनीचंच औषध हाय, म्हटलं देऊन पाहतो."

आबाजीची फाइल मी पाहिलेली होती. क्रिएटिनिन २.१. बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू. मला तेव्हा एवढंच आठवलं की पोटॅशियम आणि किडनी यांचं काहीतरी वाकडं असतं. म्हटलं, आजी, थांब, आधी डॉक्टरांना फोन लावू. फोनवर ते एवढंच म्हणाले, "बिलकूल देऊ नका, आणि उद्या पोटॅशियम तपासून घ्या." तपासलं. सिरपचा थेंबही न घेता ५.३ आलं. नॉर्मल ३.५ ते ५.

हा हिशोब प्रत्येकाने करून पाहावा. पेशींच्या बाहेरचं पाणी, रक्त धरून, साधारण १४ लिटर. लिटरमागे ४ मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम, म्हणजे एकूण ५६. मुतखड्याच्या रुग्णाला दिवसाला ६० मिलिइक्विव्हॅलंटपर्यंत डोस देतात. म्हणजे पेशींबाहेर जितकं पोटॅशियम आहे तितकं रोज वरून ओतायचं! धडधाकट माणसात पेशी ते तात्पुरतं आत ओढतात आणि मूत्रपिंड दिवसभरात बाहेर टाकतं, म्हणून काही होत नाही. मूत्रपिंडच थकलेलं असेल, आणि बीपीची गोळी पोटॅशियम अडवून धरणारी असेल, तर ते साठत जातं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. कधीकधी आधी काही लक्षणही दिसत नाही. १० मिलिलिटरच्या एका झाकणात अशी २० मिलिइक्विव्हॅलंट असतात. एका झाकणाने आबाजीला काही झालं असतं असं नाही, पण आजीचा विचार रोज द्यायचा होता. आणि केळं खाल्लं तर त्यातही एका गोळीइतकंच पोटॅशियम असतं. आबाजीचं केळंसुद्धा त्या दिवसापासून बंद झालं, त्याचा राग ते अजून माझ्यावर काढतात.

"किडनीचं औषध" असं एक औषध नसतं. खड्याचं औषध वेगळं, थकलेल्या किडनीचं वेगळं, आणि इथे तर एकाचं औषध दुसऱ्याला घातक. आजीला मी पोटॅशियम समजावत बसलो नाही. "हे खताच्या पोटॅशचं भावंड आहे" एवढंच सांगितलं. तिने बाटली उचलली आणि फवारणीच्या औषधांच्या कपाटात नेऊन कुलूप लावलं. मग मामाला रोज दोनदा चावी मागावी लागायची.

मामाचा खडा जूनमध्ये पडला. तो त्याने काडेपेटीत जपून ठेवला होता, तपासणीत कॅल्शियम ऑक्झलेट निघाला. औषध पुढे चालू ठेवायचं की नाही हे ठरवायला डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी गोळा करून आणायला सांगितली, त्यात सायट्रेट, कॅल्शियम सगळं मोजतात म्हणे. त्यामुळे एका सकाळी पाच लिटरची पांढरी कॅन घेऊन मामा मोझरीच्या स्टँडवर एस.टी.ची वाट पाहत उभा होता, आणि येणारा-जाणारा प्रत्येक ओळखीचा माणूस विचारत होता, "काय राज्या, दूध घेऊन चालला काय अमरावतीले?"